दोष चापाचा की झडपेचा?

वायूच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाचा चाप ओढूनही छर्रा सुटत नाही, सुटला तर अर्ध्या जोराने सुटतो, किंवा ताणून ठेवलेला हॅमर बोट लागण्याआधीच पडतो, तेव्हा पिस्तूलधारकाचा पहिला संशय चापावर जातो, कारण यंत्रणेशी त्याच्या बोटाची गाठ तेवढ्या एकाच ठिकाणी पडते. प्रत्यक्षात अशा पुष्कळ तक्रारींचे मूळ चापात नसून त्याच्या मागे असलेल्या साखळीत, म्हणजे सिअर, हॅमर, झडप आणि वायूचा साठा यांपैकी कुठेतरी दडलेले असते. ही साखळी ध्यानात न घेता पेचकस हाती घेतला, की एका किरकोळ बिघाडाचे तीन बिघाड होतात आणि मूळचा कोणता हे पुढे कारागिरालाही सांगता येत नाही.

दक्षिण आणि मध्य मुंबईला या जातीच्या पिस्तुलांचा परिचय झाला तो मुख्यतः नेमबाजीच्या वाटेने. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज दादर-परळपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि गिरगावातूनही तिथे सहज जाता येते. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीच्या ओढीने दाखल झालेल्या अंजली वेदपाठक, म्हणजे पुढच्या अंजली भागवत, याच असोसिएशनमार्फत नेमबाजीत आल्या आणि २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. त्यांचे, तसेच सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे यांचे प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांनी मुंबईत रायफल नेमबाजांची एक पिढी घडवली. पिस्तुलाच्या बाजूला २००६च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे रौनक पंडित आणि विवाहानंतर मुंबईकर झालेल्या हीना सिद्धू ही नावे ठळक आहेत. सिद्धू यांनी २०१३मध्ये म्युनिकच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत दहा मीटर एअर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले आणि पुढच्या वर्षी त्या जागतिक क्रमवारीत अव्वल ठरल्या.

दुसरी वाट एअरसॉफ्टची आहे. खऱ्या पिस्तुलाची हुबेहूब प्रतिकृती, सहा मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी आणि मॅगझिनमध्ये भरलेला द्रवरूप वायू, असा हा जपानमध्ये १९७०च्या दशकात रुजलेला प्रकार आहे. भारतात तो बाळगण्याचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीची किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेने छर्रा फेकणारी हवेची शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात, आणि सहा मिलिमीटरची नळी या सवलतीत उघडच बसत नाही. त्यामुळे असे पिस्तूल घेण्यापूर्वी पोलिसांच्या परवाना शाखेत विचारणा करणे शहाणपणाचे आहे, आणि ते कमरेला लावून लोकलमध्ये किंवा गर्दीच्या रस्त्यावर फिरणे हा तर निव्वळ मूर्खपणा आहे.

रेंजवरचे सामन्याचे पिस्तूल आणि एअरसॉफ्टचे पिस्तूल दिसायला, किमतीला आणि अचूकतेला परस्परांपासून फार दूर असली, तरी दोहोंच्या पोटातली साखळी एकाच तत्त्वाची आहे. दिवाळीत गिरगाव-लालबागच्या चाळींमध्ये मुलांच्या हाती दिसणाऱ्या टिकल्यांच्या पिस्तुलात हे तत्त्व सर्वांत साध्या रूपात पाहायला मिळते: चाप ओढत जावे तसा हॅमर मागे रेटला जातो आणि एका बिंदूला निसटून टिकलीवर आदळतो. मोठ्या पिस्तुलात हॅमर आधीच मागे ताणलेला असतो आणि त्याला त्या अवस्थेत अडवून धरण्याचे काम सिअर नावाचा छोटा, कडक केलेल्या पोलादाचा किंवा ओतीव मिश्रधातूचा तुकडा करतो. हॅमरच्या बुडाशी एक खाच असते आणि सिअरचे टोक तिच्यात टेकलेले असते. चाप ओढला की ट्रिगर बार नावाची पट्टी सरकते, ती सिअरला किंचित फिरवते, टोक खाचेतून निसटते, आणि मोकळा झालेला हॅमर आपल्या स्प्रिंगच्या जोराने पुढे जाऊन झडपेच्या दांडीवर आदळतो. झडप क्षणभर उघडते, तेवढ्यात मोजका वायू नळीत शिरतो आणि छर्रा बाहेर पडतो. म्हणजे छर्ऱ्याला ढकलणारी शक्ती वायूची असते. हॅमर फक्त दार उघडतो आणि चाप फक्त हॅमरला सोडतो.

आपोआप मागे जाणारी स्लाइड असलेल्या एअरसॉफ्ट पिस्तुलात या साखळीला आणखी एक कडी जोडलेली असते. सुटलेल्या वायूचा काही भाग स्लाइडला मागे ढकलतो आणि मागे जाताना स्लाइड हॅमरला पुन्हा ताणून सिअरच्या ताब्यात देते. या वेळी बोट अजून चापावर दाबलेलेच असते, म्हणून ट्रिगर बारला सिअरपासून तात्पुरते तोडणारा भाग लागतो, ज्याला डिस्कनेक्टर म्हणतात. तो नसता तर ताणलेला हॅमर त्याच क्षणी पुन्हा पडला असता. नेमबाज चाप सोडतो तेव्हा ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि बोटाला हलका झटका जाणवतो, ती तुटलेली जोडणी पुन्हा जुळल्याची खूण होय.

बिघाड शोधण्याची सुरुवात याच खुणेपासून करावी. प्रथम मॅगझिन काढून, सामन्याचे पिस्तूल असल्यास सिलिंडर सोडवून, नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करून घ्यावी आणि पिस्तुलाचे तोंड भिंतीकडे ठेवावे. मग हॅमर अंगठ्याने ताणून, चापाला हात न लावता, त्याला मागून हलकेच पुढे दाबावे. तो जागचा न हलल्यास सिअरची पकड शाबूत आहे. तो घसरून पडल्यास दोष चापाकडे नसून सिअरचे टोक, हॅमरची खाच किंवा सिअरची स्प्रिंग या तिघांत आहे. त्यानंतर चाप दाबून धरावा, स्लाइड हाताने पूर्ण मागे ओढून सोडावी आणि हॅमर ताणलेलाच राहतो का ते पाहावे. स्लाइडच्या मागोमाग तोही पुढे गेला, तर डिस्कनेक्टर झिजला आहे किंवा मळाने अडकला आहे. हॅमर टिकला, चाप सोडताना ‘टक’ झाले आणि पुन्हा दाबताच हॅमर जोरात पडला, तर चाप आणि हॅमर निर्दोष आहेत असे समजून तपासणी झडपेकडे वळवावी. चाप सैल, निर्जीव लागत असेल, बोट काढल्यावर पुढे येत नसेल, तर त्याची परतीची स्प्रिंग जागेवरून सरकलेली असते. हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपद्रवी बिघाड आहे, आणि पिस्तूल साफ करून जोडणाऱ्याच्या हातूनच तो बहुधा होतो.

सिअर आणि खाच यांचा स्पर्श मिलिमीटरच्या काही दशांशांपुरताच असतो. भिंगाखाली पाहिल्यास चांगल्या सिअरचे टोक सरळ आणि धारदार कडेचे दिसते, तर झिजलेल्याची कड गोलसर होऊन प्रकाशात चमकते आणि खाचेच्या ओठावर तशीच घासलेली, उजळ रेघ उमटलेली असते. गोल झालेली कड हॅमरच्या स्प्रिंगचा जोर पेलू शकत नाही आणि पिस्तूल टेबलावर जरा आपटले तरी हॅमर पडतो. अशा वेळी कड कानशीने किंवा पॉलिश कागदाने ‘सरळ’ करण्याचा मोह होतो. परळ-लालबागच्या गिरण्यांनी फिटर आणि टर्नर यांची मोठी परंपरा या भागात निर्माण केली आणि लेथवर एखादी पिन बेमालूम करून देणारा हात इथे अजूनही सापडतो. परंतु सिअरच्या बाबतीत नुसते हाताचे कसब पुरत नाही, कारण पोलादी सिअरला बहुधा वरच्या पातळ थरापुरतेच कडक केलेले असते. तो थर घासून गेला की आतला मऊ धातू उघडा पडतो, सुरुवातीला चाप लोण्यासारखा लागतो, आणि थोड्याच दिवसांत नवी कड जुन्यापेक्षा लवकर झिजून हॅमर मुळीच थांबेनासा होतो. ओतीव मिश्रधातूच्या स्वस्त सिअरला तर असा थरही नसतो. सिअर बदलायचा असतो, घासायचा नसतो.

आता झडपेकडे. हॅमर सणसणीत पडतो, आवाज होतो, पण वायू सुटतच नाही किंवा फुसका सुटतो, या तक्रारीवर हॅमरची स्प्रिंग कमकुवत झाल्याचे निदान सर्रास केले जाते आणि अधिक ताठ स्प्रिंग घातली जाते. मुंबईच्या हवेत हे निदान तपासून घेणे फार जरुरीचे आहे. मॅगझिनमधील द्रवाचा दाब तापमानाबरोबर बदलतो: बाजारात ‘ग्रीन गॅस’ म्हणून मिळणारा वायू मुख्यतः प्रोपेन असतो आणि त्याचा दाब २० अंश सेल्सिअसला सुमारे ८ बार, तर ३० अंशांना जवळजवळ ११ बार असतो. जपानी पिस्तुले ज्या १३४ए वायूसाठी घडवलेली असतात, त्याचा दाब २० अंशांना सहा बारच्याही खाली असतो. कमी दाबासाठी बेतलेली हॅमरची स्प्रिंग मे महिन्याच्या दुपारी प्रोपेनने भरलेल्या मॅगझिनची झडप उघडायला गेली, तर आतला दाबच झडपेला घट्ट बसवून ठेवतो आणि हॅमर आपटून परत येतो. स्प्रिंग बदलल्याने अशा वेळी झडप उघडते खरी, पण वाढलेला धक्का सोसावा लागतो तो झडपेवर आपटणाऱ्या नॉकर नावाच्या छोट्या दांडीला, आणि पुढचा बिघाड तिच्या तुटण्याचा असतो. मॅगझिन सावलीत थंड होऊ देणे, किंवा पिस्तूल ज्या वायूसाठी आहे तोच वापरणे, हा यावरचा खरा उपाय आहे.

कार्बन डायऑक्साइडच्या बारा ग्रॅमच्या कुपीवर चालणाऱ्या पिस्तुलांत ही अडचण अधिक तीव्र होते. या वायूचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रवरूपात राहत नाही ते तापमान, ३१ अंश आहे, आणि मुंबईचा उन्हाळा ही मर्यादा रोजच ओलांडतो. वीस अंशांना ५७ बारच्या आसपास असणारा कुपीतला दाब तेव्हा सत्तरीच्या पुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कुपी किंवा भरलेले पिस्तूल ठेवणे म्हणूनच वर्ज्य मानावे.

याच्या उलट प्रकारही घडतो आणि तो अधिक फसवा असतो. भराभर गोळ्या झाडल्या की द्रवाची वाफ होताना मॅगझिनमधली उष्णता खेचली जाते, धातू हाताला गार लागतो, दाब उतरतो आणि स्लाइड पूर्ण मागे जाण्याऐवजी अर्ध्यातून परतते. सिअरपर्यंत न पोहोचलेला हॅमर मग तिच्याबरोबरच खाली येतो. बघणाऱ्याला ‘हॅमर अडकत नाही’ असे दिसते, तो सिअरला दोष देतो आणि पिस्तूल उघडतो. वास्तविक पाचदहा मिनिटे थांबून, मॅगझिन खोलीच्या तापमानाला आल्यावर पुन्हा पाहिले असते तर बिघाड आपोआप नाहीसा झाला असता. हाताने स्लाइड ओढली असता हॅमर टिकतो आणि गोळी झाडल्यावर टिकत नाही, एवढ्यावरून दोष वायूचा हे ओळखता येते. मॅगझिन आत घालताच ‘फुस्स’ करून सगळा वायू निघून जात असेल, तर नॉकर आधीच पुढे आलेल्या स्थितीत अडकलेला असण्याची शक्यता मोठी. स्लाइड एकदा पूर्ण मागे ओढून सोडली की तो बहुधा जागेवर जातो.

सामन्याच्या एअर पिस्तुलात द्रवरूप वायूऐवजी २०० बारपर्यंत भरलेली हवा असते आणि सिलिंडर व झडप यांच्यामध्ये बसवलेला रेग्युलेटर तो दाब बराच खाली आणून स्थिर ठेवतो, त्यामुळे ऋतुमानाचा परिणाम तितकासा जाणवत नाही. परंतु रेग्युलेटरचे सील झिजले, की पिस्तूल काही वेळ पडून राहिल्यावर झडपेमागचा दाब हळूहळू चढत जातो, पहिल्या शॉटला हॅमरला झडप पुरेशी उघडता येत नाही आणि छर्रा लक्ष्याच्या खालच्या भागात लागतो. दुसरा, तिसरा शॉट मात्र बरोबर जातो. नेमबाज अशा वेळी आपल्या बोटाला किंवा मनाच्या एकाग्रतेला बोल लावत राहतो, आणि कधीकधी प्रशिक्षकही त्याला दुजोरा देतो. सील आणि ओ-रिंगा, म्हणजे जोडाच्या फटी बुजवणारी रबरी कडी, या पिस्तुलात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी थकणाऱ्या वस्तू आहेत. मशीद बंदराजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर ओ-रिंगा हव्या त्या मापाच्या मिळतात, तरी मापाइतकेच रबराचे जातवान असणे महत्त्वाचे असल्यामुळे उच्च दाबाच्या जोडांसाठी उत्पादकानेच दिलेली कडी वापरणे बरे. तेलाच्या बाबतीतही हेच: सिलिंडरच्या जोडाला साधे यंत्रतेल लावल्यास अचानक दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेने तेलाची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून तिथे उत्पादकाने सांगितलेल्या वंगणाशिवाय काहीही लावू नये. शिवाय सढळ हाताने सोडलेले तेल सिअरच्या खाचेत धूळ धरून ठेवते आणि पावसाळ्यात त्याचा चिकट थर होतो. समुद्रावरून येणारा खारा वारा आणि चार महिन्यांची ओल यांमुळे चौपाटीच्या बाजूच्या घरांत पोलादी पिनांवर लाल गंज आणि जस्ताच्या ओतीव भागांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागते; फोमच्या बंद पेटीत पिस्तूल महिनोन्महिने ठेवून देणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. सिलिका जेलची पुडी आणि पंधरवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसणे, एवढ्याने भागते.

राहिला खुद्द चाप. सामन्याच्या पिस्तुलात तो दोन टप्प्यांचा असतो: पहिल्या टप्प्यात बोट हलक्या जोराने मागे येते आणि एका ठिकाणी अडते, दुसऱ्यात थोडा अधिक जोर दिला की शॉट सुटतो. टप्प्यांची लांबी, जोर, सिअरची पकड आणि शॉटनंतर चाप किती मागे जावा, हे सारे बारीक स्क्रूंनी ठरवता येते, आणि नव्या नेमबाजांच्या तक्रारींपैकी बऱ्याच या स्क्रूंपाशीच जन्म घेतात. मागचा थांब्याचा स्क्रू गरजेपेक्षा आत गेला की चाप सिअर सुटण्याआधीच अडतो आणि पिस्तूल ‘मेले’ असे वाटते. पहिला टप्पा जवळजवळ नाहीसा केला की सिअरला खाचेत परतायला जागाच उरत नाही आणि हॅमर टिकत नाही. स्क्रू फिरवण्यापूर्वी त्याची स्थिती पेन्सिलीने टिपून ठेवावी आणि एका वेळी एकच स्क्रू, पाव फेऱ्याहून अधिक नाही, असा फिरवावा.

चाप हलका करण्यालाही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाने किमान ५०० ग्रॅमचे वजन पेलले पाहिजे, तर २५ मीटरच्या पिस्तुलासाठी ही मर्यादा १००० ग्रॅम आहे. तपासणीत नळी उभी धरून चापाला वजन अडकवतात आणि सावकाश उचलतात. वायूचा दाब चालू असलेल्या स्थितीत, कमाल तीन प्रयत्नांत, हॅमर न पडता वजन वर आले पाहिजे. ४९० ग्रॅमला सुटणारा चाप बोटाला कितीही गोड लागला तरी अपात्र ठरतो. घरी बरोबर ५००वर बेतलेला चाप स्पर्धेच्या टेबलावर नापास होण्याचे प्रसंग येतात, म्हणून अनुभवी नेमबाज दहावीस ग्रॅमची मोकळीक ठेवतात.

बिघाड कोणत्या पायरीपर्यंत पाठलाग करू शकतो, याचे उदाहरण २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्वांनी पाहिले. महिलांच्या दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलाची लिव्हर आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगर यांच्याशी संबंधित बिघाड मध्येच उद्भवला. दुरुस्तीसाठी त्यांना मैदानाबाहेर जावे लागले. त्या वेळी त्यांच्यासोबत असलेल्या प्रशिक्षकांमध्ये मुंबईचे रौनक पंडितही होते. परतल्यावर उरलेल्या चव्वेचाळीस शॉटसाठी चाळीस मिनिटांपेक्षाही कमी वेळ हाती राहिला. त्यांनी ५७५ गुण नोंदवले, बारावे स्थान मिळवले आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक जिंकले.

टोकियोत वाढीव वेळ मिळाला नाही याबद्दल तेव्हा पुष्कळ हळहळ व्यक्त झाली, परंतु नियम स्पष्ट आहे: दहा मीटरच्या स्पर्धेत पिस्तूल बिघडल्यास ते दुरुस्त करण्याची किंवा दुसरे वापरण्याची मुभा असते, मात्र साठ शॉटसाठी दिलेली ७५ मिनिटांची मुदत वाढत नाही. आणि राखीव म्हणून आणलेल्या दुसऱ्या पिस्तुलाचा चापही त्याच ५०० ग्रॅमच्या वजनाला उतरवून घ्यावा लागतो.